चौथं ठाण

आमच्या ऑफिसातले किस्से कुणी गोळा केले नाहीत, ते आपोआप साचले. फायलीही तशाच साचतात, पण फायली कुणी उघडत नाही. किस्से रोज चहाबरोबर उघडतात.

ऑफिस म्हणजे पिंपळनेरच्या अलीकडची, कुणा गोऱ्या साहेबाची दगडी पागा. त्याचा बंगला केव्हाच पडला, घोड्यांचं घर तेवढं राहिलं. पुढे कमान, कमानीवर बंद पडलेलं घड्याळ, आत ओळीने सात ठाणं. एकेका घोड्याच्या जागेत आता एकेक टेबल. मी आरेखक, नकाशे काढते. माझं ठाण दुसरं. हेडक्लार्क अक्का तिसऱ्यात, शिपाई नाना चौथ्यात, त्यांना टेबल नाही, नुसतं स्टूल.

*

एकदा चाकांच्या नव्या खुर्च्या आल्या. घोड्यांखालचं पाणी वाहून जावं म्हणून इथल्या फरशीला बाहेरच्या नालीकडे उतार आहे, हे खुर्च्या मागवणाऱ्याला कोण सांगणार? सही करता करता जो तो घरंगळत दारात. अक्का म्हणाल्या, "इतक्या वर्षांत पहिल्यांदा मीटिंग वेळेवर भरली."

तेव्हापासून प्रत्येक चाकाला विटेचा तुकडा आहे.

*

दारं अर्धी-अर्धी. खालचं लावायचं, वरचं उघडं. एक म्हातारे आबा कामासाठी आले आणि सातही दारांतून डोकावत गेले. प्रत्येक दारावर एकेक डोकं. परत येऊन त्यांनी नानांना हळूच विचारलं, "बठ्ठा जागावर शेतस. बांधेल शेतस का?" सगळे बांधलेले आहोत का, हे आम्ही अजून एकमेकांना विचारतो.

*

घड्याळ बंद, पण अडत नाही. अक्कांच्या ठाणात वर गोल झरोका आहे. त्यातून उन्हाचा एक गोळा भिंतीवरून उतरत येतो. तो दगडी गव्हाणीला टेकला की चहा. वैशाखातसुद्धा छपराच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते, खाली झोप यावी असा गारवा असतो. मी कितीदा पेन्सिल हातात धरून मधल्या बुटक्या भिंतीवरून त्या गोळ्याकडेच बघत बसले आहे.

मग कुणीतरी एसी मंजूर केला. तो बसवायला झरोका बुजवला. चार दिवस कुणाला चहा मिळाला नाही. पाचव्या दिवशी अक्कांनी स्वतः स्टुलावर चढून झरोका मोकळा केला.

*

नानांचे आजोबा इथेच मोतद्दार होते, घोड्यांची देखभाल करायचे. नाना रोज सकाळी चौथ्या ठाणाचं दार उघडण्याआधी जिभेने टक् टक् करतात. "न सांगता आत गये का जनावर बिचकस," म्हणतात. आम्ही हसायचो. एका सकाळी माझ्या दारापाशी माझीच जीभ वाजली. मी इकडेतिकडे पाहिलं. नाना हसले नाहीत.

*

यंदा पागा पाडायचं ठरलं. जागेवर नवी इमारत. मोजमाप माझ्याकडे आलं. टेप धरली तेव्हा कळलं, दाराचा एकही दगडी कोपरा टोकदार नाही. घोड्याची कूस खरचटू नये म्हणून सगळे गोल घासलेले. नव्या इमारतीचा नकाशा माझ्याच टेबलावर होता. त्यात माणसांसाठी एकही कोपरा गोल नव्हता. मला रडू आलं, आणि ते अक्कांनी पाहिलं.

*

पाडायच्या कागदावर सही करायला धुळ्याहून मोठे साहेब आले. नानांच्या ठाणासमोर खुर्ची टाकून ते फॉर्म मोठ्याने वाचत लिहू लागले. "इमारत मूळ उद्देशासाठी वापरण्यायोग्य आहे काय?" स्वतःच हसले आणि 'नाही' लिहिलं. फक्त सही उरली.

रस्त्यापलीकडे लग्न होतं. बँडने एकदम ढोल बडवला आणि नवरदेवासाठी आणलेली पांढरी घोडी बिथरून सुटली. कमानीतून आत आली. आत येताच तिची चाल संथ झाली. पहिलं ठाण, दुसरं, माझ्यासमोरून तिसरं. चौथ्याचं दार उघडं होतं. नानांनी टक् टक् केलं. घोडी आत गेली, आतल्या आत वळली, नानांनी खालचं दार ओढून घेतलं, आणि तिने मान बाहेर काढून साहेबांकडे पाहिलं.

झरोक्यातला गोळा गव्हाणीला टेकला होता, पण चहाला कुणी उठलं नाही.

नवरदेवाचे मामा धापा टाकत कमानीत आले. नानांनी हातानेच त्यांना थांबवलं. "थांबा भाऊ, साहेब लिखी ऱ्हायनात."

साहेबांनी 'नाही' खोडलं होतं.