गोंदाविना कपाट

मनोहर गेल्याचा फोन आला तेव्हा मी अमरावतीच्या कारखान्यात कपाटाच्या सांध्यात गोंद भरत होतो. अकोल्याहून मनोहरच्या पत्नी सुनंदावहिनी बोलत होत्या. ‘भाऊजी, तुमचे दोस्त गेले,’ एवढंच. फोन ठेवला आणि गोंद वाळायच्या आत मी सांधा बसवून टाकला... हेही सांगून टाकतो.

कारखाना आम्ही दोघांनी मिळून काढलेला. मी सुताराचा मुलगा. गोंदाशिवाय सांधा म्हणजे नुसती टेकवाटेकव, हे घरातच शिकलेलो. मनोहरचे वडील सरकारी नोकरीत. दर बदलीला ट्रकमध्ये खिळखिळं होणारं सामान पाहत तो वाढला. म्हणून मिनीफिक्स नावाचा खोलता येणारा जोड हाती आला तेव्हा गडी हरखून गेला. एका फळीत पिन, दुसरीत गोल चकती; दोन्हींची भोकं तोच मोजून पाडायचा. पेचकसानं चकती फिरवली की फळ्या आवळतात, उलटी फिरवली की सुट्या. ‘बदलीवाल्या मानसाले घर घडी करून नेता आलं पाह्यजे,’ म्हणायचा. गिऱ्हाइकाला शब्दच द्यायचा, हातोडी न लावता खोलून देईन.

एकदा एक कपाट डुगडुगतं म्हणून तक्रार आली. मनोहर गेला, चकत्या आवळून हसत परत आला. मला मात्र धास्ती बसली. मग तो जेवायला घरी गेला की मी सांध्यांत गोंद सोडू लागलो, त्याला न सांगता. पुढे चांदूर रेल्वेच्या एका शिक्षिकेची बदली सेमाडोहला झाली. कपाट खोलायला आम्ही दोघं गेलो. चकत्या फिरल्या, फळ्या हलेनात. बाईंचे सासरे बाजेवर बसून पाहत होते. ‘काहून गा, मंतरून ठेवलं का?’ म्हणाले. शेवटी फळी फाटली. परतताना गाडीवर मागे बसलेला मनोहर म्हणाला, ‘माह्याच भोकांत फरक पडला असंन.’

‘असंन,’ मी म्हणालो.

त्यानंतर त्यानं शब्द देणं सोडलं, हळूहळू कारखानाही. अकोल्याला एका दुकानात नोकरी धरली.

महिन्याभरानं वहिनींनी बोलावलं. त्या मुलीकडे अमरावतीला राहायला येणार होत्या आणि मनोहरनं स्वतः केलेलं पुस्तकांचं कपाट खोलायचं होतं. इतकी वर्षं गच्च भरलेलं, तरी डुगडुगत नव्हतं. दाराच्या आत दोरीला त्याचा पेचकस टांगलेला. मी सोबत हातोडी नेली होती, ती पिशवीतच राहिली. फळ्या अलगद हातात आल्या. तिथंच बसून मी वहिनींना सगळं सांगितलं.

त्या पुस्तकं बांधत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘भोकं चुकली म्हणून हे कपाट कितीदा खोललं न् जोडलं त्यायनं. मी म्हणे, झोपा आता...’

मुलीच्या घरी कपाट मी गोंदाविना जोडलं. शेवटची चकती आवळेपर्यंत वहिनी माझ्या हातांकडे पाहत उभ्या होत्या. मग पेचकस मागून घेतला आणि दाराच्या आत त्यांनी स्वतः टांगला. चहा वहिनींनी नाही, मुलीनं आणून दिला.