भाकरीपुरता फोन

लातूरच्या मोबाईलच्या दुकानात विक्रेत्यानं विचारलं, "सर, फोन कशासाठी पाहिजे?" मी म्हणालो, "सगळ्यासाठी." आणि कॅमेरे ताडून पाहत बसलो.

शेजारी किल्लारीकडची एक बाई आली. पन्नाशीची, डोक्यावर पदर. तिनं पिशवीतून पिठाचा डबा काढला, काउंटरवर ठेवून त्याला एक फोन टेकवला आणि समोरच्या काचेवर पिठाशिवायच भाकरी थापायला लागली. हादऱ्यानं फोन घसरला.

"ह्यो नगं."

विक्रेता मेमरी सांगू लागला.

"लेक नांदेडला नोकरीला हाय," ती म्हणाली. "एकटीला जेवण जात न्हाई. मी हिकडं थापाया बसले की ती तिकडं ताट घेती. बोलत काईच न्हाई."

पुढचा फोन उभा राहिला. तिनं विक्रेत्याला त्यावरून माझ्या नंबरावर व्हिडिओ कॉल लावायला लावला आणि मला रस्त्यावर पाठवलं. मी गेलो. पडद्यावर तिचे हात काचेवर पडत होते.

"आवाज यायलाय का?"

"येतोय."

"भूक लागली का?"

मी नुकताच पोटभर जेवून आलो होतो.

"लागली," मी म्हणालो.

"ह्योच द्या," ती विक्रेत्याला म्हणाली.