दुर्बिणीवरची चिकटपट्टी

नेमबाजीच्या रेंजवर नवीन माणूस आला, की मेश्राम सर आधी त्याच्या रायफलीवरच्या दुर्बिणीची दोन्ही बटणं चिकटपट्टीने बंद करून टाकत. जखमेवरचा बोळा चिकटवायची साधी पांढरी पट्टी, कायम त्यांच्या खिशात. नेम वर-खाली आणि डावा-उजवा सरकवायचा तो याच बटणांनी, आणि सर तीच बंद करणार! माझ्या हौसेच्या नव्या दुर्बिणीला पट्टी लागली तेव्हा मला चांगलाच राग आला होता.

सर कोराडीच्या वीज केंद्रातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. आल्या आल्या दुर्बिणीचे स्क्रू तपासायचे. "पहिले स्क्रू पाय, मंग सोताले पाय, अन् मंग दुर्बिणीले पाय," हा त्यांचा पाहण्याचा क्रम ठरलेला.

एकदा ते चहाला गेलेले पाहून मी पट्टी काढली. गोळी उजवीकडे गेली, बटण डावीकडे फिरवलं. पुढची डावीकडे गेली, बटण उजवीकडे. दहा गोळ्यांत टार्गेटची पार चाळणी झाली. सर मागे कधी येऊन उभे राहिले, कळलंच नाही.

"त्या दुर्बिणीचा काय कसूर हाय वं? हात तुहा हालून राहिला, अन् कान तिचा पिळून राहिली!"

मग त्यांनी पट्टी पुन्हा चिकटवली आणि पाच गोळ्या मारायला लावल्या, बटणाला हात न लावता. त्या पसरल्या. पुन्हा पाच. महिनाभर हेच चाललं. शेवटी एकदा पाचही गोळ्या एका रुपयाएवढ्या जागेत बसल्या, पण मधल्या काळ्या ठिपक्यापासून बोटभर डावीकडे. सरांनी स्वतःच्या हाताने पट्टी सोलली. "आता लाव हात. पन्नास मीटरवर एका बोटाले पाच खटके." मी टक-टक वाजणारे पाच खटके मोजत बटण उजवीकडे फिरवलं. पुढची गोळी मधोमध. इतका आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता.

"सर, तुम्ही कधी राज्याच्या संघात का नाही गेलात?" असं कोणी विचारलं, की ते चष्मा पुसत बसायचे.

तीन वर्षं माझी निवड हुकली. या वर्षी संघात एकच जागा उरली होती, आणि नेमकं निवड चाचणीच्याच आठवड्यात सरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. मी एकटीच गेले. सरावाच्या पहिल्या तीन गोळ्या तीन दिशांना गेल्या. बोटं बटणाकडे निघालीच होती. मी हात मागे घेतला, स्क्रू पाहिले, श्वास सोडला आणि पाच गोळ्या मारल्या. पाचही एकत्र, दोन बोटं उजवीकडे. डावीकडे दहा खटके दिले आणि त्यानंतर बटणाकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

संघाच्या यादीत नाव दिसताच मी सक्करदऱ्याला सरांच्या घरी फोन लावला.

"सर, झाली निवड!"

"बटनाले कितीदा हात लावला?" गुण त्यांनी विचारलेच नाहीत.

"एकदाच."

 

"मी नऊदा लावला होता वं, माह्या निवडीच्या दिवशी," ते म्हणाले. मग एकदम हसले. "जाऊ दे. आज माही बी झाली समज."