मागची खोली थंड असते

पूर्णेपासून वर्धेपर्यंतच्या टापूत आमच्या मावसाजींइतका चिवट वाद घालणारा माणूस दुसरा झाला नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. समोरचा दमला, रागावला, चप्पल घालून घरी गेला तरी मावसाजी आपला मुद्दा खाली ठेवत नाहीत. आमची मावशी तर जग सोडून गेली, पण तिच्याशी चाललेला वाद मावसाजींनी बंद केला नाही. तो त्यांनी कॉम्प्युटरवर घेतला.

वाद अगदी साधा होता. अकोल्याला जठारपेठेत त्यांचं घर आहे, समोर एक खोली आणि मागे एक. उन्हाळ्यात भर दुपारी यातली थंड कोणती? मावशी म्हणायची, मागची. मावसाजींनी सगळी हयात कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवण्यात घालवलेली. मागच्या खोलीला पश्चिमेचं ऊन लागतं, समोरचं दार उत्तरेला आहे, तेव्हा शास्त्राप्रमाणे समोरचीच खोली थंड असली पाहिजे, असं ते आल्यागेल्याला आकृती काढून पटवायचे. मावशी आकृतीकडे बघायचीसुद्धा नाही. "तुमचं शास्तर निजू द्या समोर, मी चालली मांगं," म्हणून ती उशी घेऊन उठायची. थर्मामीटरही लावून झाला होता, पण तो तुम्ही कूलरच्या तोंडाशी धरला, तू चुलीजवळून आणला, यावर वेगळाच वाद सुरू झाला. ती गेल्यावर घरात मागची बाजू मांडणारं कोणी उरलं नाही. माझ्यासारखा माणूस असता तर त्यानं स्वतःला विजयी घोषित करून टाकलं असतं. मावसाजींना तसं जिंकणं नको होतं. एका अख्ख्या दुपारचा, कुठंही न तुटलेला आलेख पाहिजे, त्याशिवाय निकाल नाही, असं त्यांनी ठरवलं आणि एक डबी मागवली.

साबणदाणीएवढी डबी. तिच्यातून दोन लांब वायरी निघतात आणि त्यांच्या टोकाला तापमान ओळखणारे बारीक मणी. एक मणी समोरच्या खोलीत, एक मागच्या. तिसरी वायर कॉम्प्युटरच्या यूएसबीत खोचायची, की पडद्यावर दोन रेषा शेजारी शेजारी चालायला लागतात, समोरची लाल आणि मागची निळी. सकाळभर दोघी गुण्यागोविंदानं चालत. मग ऊन डोक्यावर आलं, मावसाजींनी कूलर लावला, की थोड्या वेळानं कॉम्प्युटर 'टुंग' करायचा, डबी सापडत नसल्याचं सांगायचा आणि दोन्ही रेषा जागच्या जागी तुटायच्या. कुस्ती रंगात यावी आणि नेमका पंच उठून पाणी प्यायला जावा, तसं रोज.

मावसाजींनी जे करण्यासारखं होतं ते सगळं केलं. वायर बदलली. पुढच्या भोकातून काढून मागच्या भोकात लावली. सॉफ्टवेअर काढलं, घातलं, पुन्हा काढलं. वीज वाचवायला कॉम्प्युटर मधूनमधून यूएसबीला डुलकी काढू देतो, ही त्याची सवय मोडली. तरी दुपारचं टुंग काही चुकेना. मग त्यांनी सिद्धांत मांडला की काही कॉम्प्युटर जातीचेच खोडकर असतात, आणि तो तपासायला डबी पिशवीत घालून ते नातेवाइकांकडे निघाले. कोणाच्याही घरी गेले की पाय धुवायच्या आधी विचारायचे, "कॉम्प्युटर कोणता हाय तुमच्याकडे?" तिवस्याला एका साक्षगंधात नवरीला कुंकू लागत असताना हे व्हिडिओवाल्याच्या लॅपटॉपला डबी लावून बसले होते. मणी कशात बुडवावा म्हणून त्यांनी तो मठ्ठ्यानं काठोकाठ भरलेल्या पितळी गंजात सोडला, आणि जेवणं सुरू होताना पंगतीला सांगितलं, "मठ्ठा हळू घ्या, गरम होऊन राहिला." मुलाकडचे अजूनही मला त्या डबीवरून ओळखतात.

अमरावतीला आमच्याकडे तर ते महिन्याआड यायला लागले. आमचा कॉम्प्युटर इतका जुना की चालू केला की आधी गिरणी सुरू झाल्यासारखा आवाज येतो. त्याच्यावर मावसाजींची डबी दिवसभर चालली. एकदासुद्धा टुंग नाही. मावसाजी त्या खटाऱ्याकडे असे बघत होते, जसं हुशार पोराच्या बापानं ढ पोराच्या निकालाकडे बघावं. "पोट्ट्या, काय खाऊ घालतं तू याले?" त्यांनी मला विचारलं. माझं डोकं पार उघडं पडलं, नातवाला मांडीवर घ्यायचं वय जवळ आलं, पण मावसाजींना मी अजून पोट्ट्याच. आणि कॉम्प्युटरमधलं मला इतकंच कळतं की तो बंद पडला की लेकीला फोन करायचा.

पुढच्या खेपेला ते स्वतःचा सीपीयूच घेऊन आले. एसटीनं. उन्हानं तापू नये म्हणून तो मावशीच्या शालीत नखशिखान्त गुंडाळलेला, आणि खिडकीजवळच्या जागेवर बसवलेला. मूर्तिजापूरला एक बाई चढल्या. शालीकडे बघून म्हणाल्या, "निजू द्या लेकराले, मी उभीच राहतो." बडनेरा येईतो त्या दांड्याला धरून उभ्या होत्या. उतरताना त्यांनी मायेनं विचारलं, "दवाखान्यात नेऊन राहिले का?" मावसाजी खोटं बोलत नाहीत. "हो," म्हणाले, "दुपारी दुपारी बेशुद्ध पडते."

तो आमच्या घरी बेशुद्ध पडला नाही. तोच सीपीयू, तीच डबी, आमचाही कूलर धडधडत होता, आणि लाल-निळ्या रेषा संध्याकाळपर्यंत हातात हात घालून चालल्या. माझी बायको चहाचा कप ठेवता ठेवता सहज म्हणाली, "मावसाजी, मग तुमच्या घरातच काही असेल."

मावसाजींचा चेहरा उतरला. "घरात काय असन?" ते म्हणाले. "वायरिंग म्या सोता उभं राहून करून घेतली. अर्थिंगचा खड्डा म्या खंदला. कोळसा, मीठ, तांब्याची पाटी, सगळं पुस्तकाबराबर. घरात काई नाई." आणि त्यांनी चहा बशीत ओतला, म्हणजे विषय संपला.

काम झालं तरी ते लगेच निघत नसत. आणखी एक निरीक्षण घेतो म्हणायचे. डबी तर आमच्याकडे व्यवस्थित चालायची, त्यामुळे निरीक्षण कशाचं हे आम्ही कधी विचारलं नाही. बायको भाजी निवडत बसली की ते समोर खुर्ची ओढून तिला भाजी चुकीची निवडते म्हणून सांगायचे. ती उलटून बोलली की त्यांची तब्येत सुधारायची. मला मात्र वाद जमत नाही. मी पटकन 'बरोबर आहे' म्हणून मोकळा होतो. एकदा ते वैतागून म्हणाले, "तुह्याशी बोलणं म्हंजे भिंतीवर टेनिस खेळणं. थे भिंत तरी चेंडू वापस देते."

या मे महिन्यात आम्ही दोघं अकोल्याला गेलो. समोरच्या खोलीत टेबल, कॉम्प्युटर, मावसाजींची बाज. मागच्या खोलीचं दार लावलेलं, आणि दाराखालच्या फटीतून डबीची एक वायर आत गेलेली. मावशी गेल्यापासून त्या खोलीत ती वायर सोडून कोणी जात नसावं. परसदार झाडायला मोलकरीण येते, तीसुद्धा गल्लीतून वळसा घालून जाते, असं त्यांनीच सांगितलं.

मी सवयीनं सीपीयूवर हात टेकला आणि हाताला झिणझिण्या आल्या. "तुलेही?" मावसाजी आनंदले. त्यांनी कपाटातून गोळ्यांची पट्टी काढली. "बी-बारा कमी हाय तुह्यात. मले उन्हाळाभर असंच होते. हे घे, जेवल्यावर." मी आज्ञाधारकपणे गोळी घेतली. थोड्या वेळानं बायकोनं टेबल पुसायला घेतलं, सीपीयूवरून फडकं फिरवलं आणि हात झटकला. मावसाजी तिच्यासाठीही पट्टी घेऊन आले.

"मावसाजी," ती म्हणाली, "तुम्हाला, यांना, मला, तिघांनाही एकच आजार?"

"खानदानी असते हे."

"मी सून आहे. आणि यांचं तुमचं तरी कुठं रक्ताचं नातं? मावशी यांची, तुम्ही लग्नानं आलेले."

मावसाजींनी एकदा हातातल्या पट्टीकडे, एकदा सीपीयूच्या पत्र्याकडे पाहिलं. मग त्यांनी पट्टी टेबलावर ठेवली, मागच्या खोलीचं दार ढकललं आणि त्या खोलीतून, इकडंतिकडं न बघता, सरळ परसदारी गेले. आम्ही मागून.

भिंतीच्या कडेला मोगऱ्याचं झुडूप होतं. होतं म्हणजे, आता नुसत्या काड्या होत्या, आणि त्यांच्या बुडाशी काळी माती भेगाळून तळहात जाईल इतकी उकललेली. तिच्याखाली मावसाजींचा अर्थिंगचा खड्डा. त्या खड्ड्यावर मावशीनं मोगरा लावला तेव्हा केवढं रामायण झालं होतं, ते मला आठवलं. तांदूळ धुतलेलं, डाळ धुतलेलं, भाजीचं, सगळं पाणी ती रोज तिथं ओतायची. अकोल्यात नळ कधी येईल याचा भरवसा नाही आणि ही पाणी मातीत घालते, म्हणून मावसाजी रोज ओरडायचे. ती गेल्यावर ते ओतणं थांबलं. माती वाळली, आणि वाळलेल्या मातीत अर्थिंग कामाचं राहत नाही. कूलर लावला की त्याच्यातून झिरपणारी वीज जमिनीत जायच्या ऐवजी अर्थिंगच्या तारेनं कॉम्प्युटरच्या पत्र्यावर येऊन बसायची, डबीला आणि आम्हाला झिणझिण्या देत.

"अर्थिंगची माती ओली काहून ठेवावी," मावसाजी हळूच म्हणाले, "हा प्रश्न मी दर वर्षी पेपरात टाकत होतो."

त्यांनी बादली आणून काड्यांच्या बुडाशी ओतली. माती पाणी पिण्याचा आवाज करत होती. आणखी एक ओतली. घरात येऊन कूलर लावला, डबी लावली, आणि खुर्चीवर बसून राहिले. टुंग झालं नाही. बाहेर रस्ता ओस पडला होता, पत्रे कडकडत होते. मी दोनदा डुलकी काढली. बायकोनं लिंबाचं सरबत आणून ठेवलं, ते त्यांच्यासमोर तसंच कोमट झालं. लाल रेषा चढत गेली. निळी तिच्याखालून चालत होती, थोडीशीच, पण दुपारभर खाली. ऊन कललं तरी ती वर आली नाही.

"बराबर होती थे," मावसाजी म्हणाले.

"परसदारी ओल होती ना मावशीची," मी म्हणालो. मला तरी तेवढंच शास्त्र सुचलं. "आज पाणी टाकलंत, म्हणून भिंत थंड झाली असेल."

खरं तर वादाला इतकी चांगली पाचर मी जन्मात पहिल्यांदा मारली होती. मावसाजींनी ती घेतली नाही. त्यांनी पडद्यावरच्या निळ्या रेषेवर बोट ठेवलं, सुरुवातीपासून शेवटापर्यंत फिरवलं.

"नाई रे. हरलो मी," ते म्हणाले. "पण आता सांगू कोणाले?"

त्यानंतर मावसाजी अमरावतीला आले नाहीत. डबी घरीच चालते, मग यायचं कशाला? आमच्या खटाऱ्यावर धूळ बसली आहे. परवा मी फोन करून मुद्दाम म्हणालो, मावसाजी, आमच्या कॉम्प्युटरचं काहीतरी बिघडलंय, जरा येऊन बघता का. "अर्थिंगले पाणी टाक," म्हणाले आणि फोन ठेवला.

म्हणून गेल्या रविवारी मीच जाऊन आलो. समोरच्या खोलीत बाज नव्हती. ती मागच्या खोलीत खिडकीखाली घातली होती. मावसाजी परसदारी मोगऱ्याच्या काड्यांना पाणी घालत होते, बादलीनं नाही, मावशीच्या गडव्यानं, बुडाशी हळूहळू फिरवून.

"मोगरा तर गेला मावसाजी," मी म्हणालो.

"मोगऱ्याले कोण टाकून राहिलं?" ते मागं न बघता म्हणाले. "अर्थिंगले टाकून राहिलो."

मी 'बरोबर आहे' म्हणणार होतो. मग म्हटलं, "अर्थिंगला गडव्यानं नाही घालत पाणी. सरळ बादली ओतायची. मागं तुम्हीच ओतली होती."

त्यांनी गडवा खाली ठेवला, माझ्याकडे वळून पाहिलं, आणि म्हणाले, "बस पोट्ट्या. समजावून सांगतो तुले."