सुमनचा खडू

माझ्या बायकोच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा नव्हता, खडू खोचलेला असायचा. सुमन चौथी पास, मी तेवढाही नाही. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये एका सिंधी शेठचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं, तिथं ती कामाला. तयार मशीनवर कोणतं काम केलं ते खडूनं इंग्रजीत लिहायचं. तीनच शब्द, तिनं चित्रासारखे गिरवून घेतलेले. मला सांगायची, "सर्व्हिस म्हणजे अंघोळ. रिपेअर म्हणजे मोडलेलं हाड बसवणं. रिकंडिशन म्हणजे आतडी बदलून परत उभं करणं. नुसती अंघोळ घालून हाड बसवलं म्हणायचं नाय."

एकदा शेठनं नुसतं तेल घातलेल्या जुन्या मशीनवर रिकंडिशन लिहायला सांगितलं. घेणारी बाई नवऱ्यानं टाकलेली, त्या मशीनवर पोरं जगवणार. सुमननं ठळक सर्व्हिस लिहिलं.

"अरे सुमनबाई, लिखने में तेरा क्या जाता है?"

"माझं काय जात नाय शेठ. पण मशीन अडली की ती शिव्या देणार तुमच्या बापाला, आणि अक्षर माझं!"

शेठ चरफडला, पण पुसायची हिंमत झाली नाही.

पुढं नव्वद सालानंतर तिला पोटाचं दुखणं लागलं. इस्पितळातला डॉक्टर रोज यायचा, एकच शब्द टाकून जायचा, इम्प्रूव्हमेंट.

सुमननं त्याला धरलं. "डॉक्टरसाहेब, हा शब्द आमच्या दुकानात नाय. अंघोळ घातलीत का हाड बसवलंत? बसणार नसेल तर तसं सांगा. मला बदलापूरला माझ्या घरात मरायचंय."

तो हसला. "मावशी, आराम करा."

तो गेल्यावर ती मला म्हणाली, "सांगत नाय म्हणजे बसत नाय. घरी ने मला."

मी तिला घरी सोडा म्हणून डॉक्टरशी भांडलो, तर तो माझ्यावरच ओरडला. "इम्प्रूव्हमेंट होतेय आणि पेशंट नेता? अक्कल आहे का?" सोडायच्या कागदावर सही दिली नाही. त्याच आठवड्यात ती त्याच खाटेवर गेली. घरच्या मागच्या दारात डोंगराकडं तोंड करून बसायचं, एवढंच मागत होती. मेल्यावर सही लगेच मिळाली.

अजून डोकं फिरतं माझं. एवढी पुस्तकं वाचलेल्या माणसाकडं एक खरा शब्द नव्हता?

आता लोक विचारतात, "काका, सावरलात ना जरा?"

मी सांगतो, "अंघोळ रोज करतो. हाड बसलेलं नाही."