काचेच्या बुडाची नाव

आमचे मामाजी भाव करत नसत. बसत.

आमच्या भंडाऱ्याकडं सुना सासऱ्याला मामाजी म्हणतात, तेच हे मामाजी. आठवडी बाजारात पसंत पडलेल्या वांग्यांच्या ढिगासमोर ते उकिडवे बसायचे. किंमत एकदाच विचारायचे आणि मग गप्प. घासाघीस नाही, नाक मुरडणं नाही. भाजीवाली आधी दुर्लक्ष करायची, मग चिडायची, मग "घेता का जाता, बुढेबाबा?" म्हणायची. उन्हं कलली, बायका पोती झटकायला लागल्या, की तीच वांगी निम्म्या किमतीत मामाजींच्या पिशवीत पडायची. "बसू. भाव बी थकते," असं त्यांचं म्हणणं होतं. भाव थकायचा हे खरं, पण तोवर वांगीही थकलेली असायची आणि ती रांधायची मी. अठरा वर्षं मी थकलेली वांगी रांधली आहेत.

बाजारापुरतं असतं तरी चाललं असतं. आमच्याकडं पंखा पौषात यायचा, स्वेटर चैत्रात आणि छत्री दिवाळीनंतर. लग्नानंतरचा पहिला उन्हाळा मी पुठ्ठ्यानं वारा घेत काढला. माझा नवरा त्यांचाच मुलगा. बापाशेजारी बसण्यापलीकडं त्याला काही सुचत नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, चाळीस पोरं एका हाकेत गप्प करते, पण या बापलेकांपुढं माझी मात्रा कधी चालली नाही. मीही हळूहळू बसायला शिकले, आणि या गोष्टीचा मला सगळ्यात जास्त संताप येतो.

मला आयुष्यात एकदा बेटावर जायचं होतं. शाळेतल्या एका मॅडमनी अंदमानचे फोटो दाखवले होते. त्यातला एक फोटो काचेच्या बुडाच्या नावेचा होता. नावेत बसायचं, पायाखाली काच, काचेखाली समुद्र, आणि त्यात प्रवाळ आणि निळेपिवळे मासे. आमचा जिल्हा तलावांचा, पण आमच्या तलावाचं पाणी चहाच्या रंगाचं असतं. घोटाभर पाण्यात उभं राहिलं तरी स्वतःचा पाय दिसत नाही. मला पाण्याचा तळ पाहायचा होता. एवढीच हौस. त्यासाठी मी तीन वर्षं भिशी लावली. ती उचलल्यावर कळलं की विमान आपल्या आवाक्यातलं नाही. मग ठरलं की रेल्वेनं चेन्नई गाठायची आणि तिथून जहाजानं तीन दिवस, सगळ्यात खालच्या वर्गात, एकावर एक लोखंडी बाकांवर झोपून जायचं.

सासूबाई आदल्या वर्षीच गेल्या होत्या. "बाबाले एकट्याले कसं ठेवाचं?" नवरा म्हणाला. म्हणजे मामाजी येणार.

"पान्याले पाह्याले इतल्या दूर कायले जाऊन राहिले तुम्ही?" मामाजींनी विचारलं. "अर्ध्या तासावर धरन आहे. पाहा दिवसभर. तिकीट नाही."

हे बोलणारे मामाजी स्वतः त्या धरणाकडं कधी फिरकले नव्हते. त्यांचं गाव वैनगंगेच्या काठी होतं, ते गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. लोक छपरावरचे कवेलू उतरवून, दारं-चौकटी काढून गाड्यांत भरत होते, तेव्हा मामाजी अंगणात बसून होते. सासूबाईंनी एकटीनं भांडी बांधली, भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरी लुगड्यात गुंडाळल्या. पाणी पायरीला लागलं तेव्हा कुठं मामाजी उठले. नवऱ्यानं मला हे एकदाच सांगितलं होतं, आणि घरात हा विषय काढायचा नाही असंही बजावलं होतं. अठरा वर्षं मी तो काढला नव्हता.

जहाजावर मामाजींची चैन झाली. खालच्या मजल्यावर डिझेलचा वास आणि सतत डोलणं. आम्ही नवराबायको पिशव्यांत तोंड खुपसून पडलो होतो, आणि हा बहात्तर वर्षांचा माणूस घरून आणलेले लाखोळीच्या डाळीचे वडे जवसाच्या चटणीशी खात मांडी घालून बसलेला. दिसेल त्याला "जयभीम" करायचे. तमिळ, बंगाली, तेलुगू, कुणालाही. दुसऱ्या दिवशी जहाजाच्या भटारखान्यातला एक आचारी उलट "जयभीम" म्हणाला, आणि त्यानंतर मामाजींना बिनपैशाचा भात मिळायला लागला. माझ्यासाठीही ते एक वाटी आणायचे. मला ती पाहूनच मळमळायचं.

पोर्ट ब्लेअरला त्यांनी आमच्या सहलीचा ताबा घेतला. जे फुकट ते पाहायचं, ज्याला तिकीट ते बाहेरून पाहायचं. काळ्या पाण्याच्या तुरुंगातला ध्वनी-प्रकाशाचा कार्यक्रम आम्ही भिंतीच्या बाहेर, फुटपाथवर बसून ऐकला. मी म्हटलं, "मामाजी, आत उजेडात सगळं दाखवतात." तर म्हणाले, "आवाज त येऊनच राहिला ना. उजेड आपल्या घरी बी आहे." नवरा हसला. मी हसले नाही. किनाऱ्यावर शहाळी विकायला बसलेला माणूस गाडा उचलून निघेपर्यंत आम्ही त्याच्यासमोर बसलो. त्यानं भाव उतरवला नाही. जाताना आम्हाला हात मात्र केला. मी दात आवळून सहन केलं, कारण माझी एक अट मामाजींनी मान्य केली होती. नावेत बसायचंच. तिचे पैसे मी वेगळे, रुमालाच्या गाठीत बांधून ठेवले होते.

नावेच्या दिवशी सकाळच्या सरकारी बोटीनं आम्ही नील बेटावर उतरलो. दुपारी तीनची परतीची बोट, राहायला जागा परवडणारी नव्हती. मी किनारा पाहिला. पाणी खरोखर काचेसारखं होतं. दहा-बारा नावा काठाशी हिंदकळत होत्या. एका बंगाली नाववाल्यानं हाक मारली. मी रुमालाची गाठ सोडायला लागले, तेवढ्यात मामाजींनी किंमत विचारली, आणि वाळूत उकिडवे बसले.

"मामाजी, नको. इथं नको," मी म्हटलं.

"बस बाई पाच मिनिटं. सकारचा भाव आहे हा. उतरते."

नवरा त्यांच्याशेजारी बसला. आणि मी? मीही बसले. पैसे माझे, हौस माझी, रुमाल माझ्या हातात, आणि मी बसले! कुणी माझा हात धरला नव्हता. आजही हे लिहिताना स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

नाववाला चांगला माणूस होता. दोन फेऱ्या मारून आला आणि हिंदीत म्हणाला, "दीदी, अभी चलो. बाद में पानी चला जाएगा." मी उठले. मामाजी गालातल्या गालात हसले. "सबच असे म्हनते. मेथीवाली बी म्हनते, आता संपली, आता संपली. पानी कोठी जाते? समुद्र आहे थो." आणि मलाही ते पटलं. आमच्याकडं तलाव भरला की भरलेला असतो, माघ-फाल्गुनापर्यंत काठ तिथंच राहतो. सकाळी असलेलं पाणी दुपारी नसतं, हे भूगोलाच्या तासाला मी स्वतः शिकवलेलं आहे. भरती, ओहोटी, चंद्राचं आकर्षण. फळ्यावर आकृती काढून. पण त्या वाळूत बसल्यावर मला ती आकृती आठवली नाही.

पाणी गेलं. आधी वाटलं लाट लांबली. मग पांढरी वाळू उघडी पडली, मग काळे खडक, मग खडकांमागं खडक. नाववाल्यांनी एकेक नाव दूर नेऊन नांगरली. दोन जिथल्या तिथं कलंडल्या. "अब शाम को," आमचा नाववाला म्हणाला आणि डबा उघडून जेवायला बसला. आमची बोट तीनची होती.

मामाजी उभे राहिले. डोळ्यांवर हात धरून दूरवर पाहिलं. मग मोठ्यानं, खरोखर घाबरून म्हणाले, "कोनं गेट खोलले?"

दर पावसाळ्यात आमच्याकडं धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी गावोगाव फिरते. पाणी असं एकाएकी हलतं ते कुणीतरी दरवाजे उघडले म्हणूनच, एवढंच त्यांना माहीत. आजूबाजूचे पर्यटक हसले. नवराही हसला. माझं मात्र डोकं फिरलं. लोकांसमोर, भर उन्हात, शाळेतल्या आवाजात मी ओरडले, "बसा! अजून बसा! जन्मभर तेच केलं तुम्ही. गावात पाणी शिरलं तेव्हाही असेच बसून होते ना?"

नवऱ्याचं हसणं थांबलं. मामाजींनी माझ्याकडं पाहिलंही नाही. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलं, चपला हातात घेतल्या आणि त्या उघड्या तळावरून समुद्राच्या दिशेनं चालायला लागले. खूप लांब गेले. एका ठिकाणी वाकायचे, काहीतरी पाहायचे, पुढं जायचे. नवरा हाका मारत राहिला. मला वाटलं, रुसलेत. रुसू देत, म्हटलं. मी नारळाच्या झाडाखाली सुटलेला रुमाल मांडीवर घेऊन रडत बसले. तळ उघडा पडला होता आणि तो पाहायला मी उठलेसुद्धा नाही, इतका मला राग आला होता.

दोनच्या सुमाराला ते परत आले. पाणी त्यांच्या मागून, हळूहळू, खडकांच्या फटी भरत येत होतं. उजव्या पायाचा तळवा प्रवाळानं कापला होता, वाळूवर रक्ताचे ठिपके पडत होते. त्यांचं तिकडं लक्षच नव्हतं. "येऊन राहिलं," ते नवऱ्याला म्हणाले. "वापस येऊन राहिलं, पाह्य." मी पिशवीतून पट्टी काढली आणि ती त्यांच्या हातात न देता नवऱ्याच्या हातात दिली.

त्यानंतर परतीच्या जहाजापर्यंत मी मामाजींशी बोलले नाही. नवऱ्यानं दोनदा सांगितलं, माफी माग. मी म्हटलं, कशाची? अठरा वर्षांच्या वांग्यांची त्यांनी मागावी आधी. असं मी म्हटलं, आणि मला ते बरोबरच वाटत होतं.

मामाजी त्याच वर्षी, पावसाळा सरता सरता गेले. सकाळी आंघोळ करून खाटेवर टेकले ते तिथंच. माझ्या वाट्याला सेवेचे चार दिवसही आले नाहीत. आता नवरा दर सुटीत विचारतो, जायचं का पुन्हा, विमानानं जाऊ. परवडतंही आता. मी विषय बदलते, आणि कारण त्याला सांगितलेलं नाही. ते परतीच्या जहाजावरचं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर डेकवर वाऱ्याला उभी होते. मामाजी लंगडत आले आणि माझ्यापासून हातभर अंतरावर कठड्याला धरून उभे राहिले. मग विचारलं, "बाई, रोजच जाते का थे पानी?"

"हो," मी म्हटलं. "दिवसातून दोनदा."

"अन् रोज वापस येते?"

"हो."

"आमच्याकडं आलं थे आलंच," ते म्हणाले. "मी बसून होतो, का पानी जाईन वापस. मले सबन म्हने, उठ. मले वाटे, पानीच आहे, जाईन." मग म्हणाले, "तू खोटं नाही बोलली बाई त्या दिवशी."

मी काहीतरी बोलायला हवं होतं. पण राग अजून तसाच होता, आणि मला तो सोडायचा नव्हता.

"अजून एकदा आनशील का मले?" मामाजी म्हणाले. "सकारी उतरलो का सिद्धे नावेत बसू. जे मांगन थे देऊ."

दुकानातल्या कुणाला, बाजारातल्या कुणाला, सासूबाईंनासुद्धा त्यांनी मागेल ते देऊ, असं कधी म्हटलं नव्हतं. हे मला तेव्हाही कळलं होतं. न कळून मी पुढचं बोलले असते तर आज झोप तरी आली असती.

"पाहू," मी म्हटलं, समुद्राकडं तोंड करून.

मामाजींनी मान हलवली, आणि पट्टी बांधलेला पाय जपत, एकेक पायरी करत, खाली उतरून गेले.