भित्रेकाकांची प्रार्थना

आमचे भित्रेकाका तोफेला घाबरायचे, आणि नोकरी करायचे पेशव्यांच्या तोफखान्यात. बत्ती देताना त्यांचा हात असा थरथरायचा, की बघणाऱ्यालाच कापरं भरावं. बाप्तिस्म्याचं नाव त्यांचं कुणी घेतच नसे. चाळीस वर्षं तोफेशी घालवूनही त्यांची दहाच्या दहा बोटं शाबूत होती. तोफखान्यात अशी माणसं चारसुद्धा नव्हती. पण हे कुणाला दिसलं नाही मेल्यांना! दिसली ती थरथर.

आम्ही मूळचे गोव्याकडचे. पुण्यात नागझरीच्या ओढ्यापलीकडे आमच्या ख्रिस्ती गोलंदाजांची वस्ती, आणि सरकारातून मिळालेल्या जागेवर आमचं गवती छपराचं देऊळ. आई आधीच गेली होती. बाबा मोहिमेत पडले तेव्हा मी बारा वर्षांची होते आणि माझा भाऊ पास्कू सहा वर्षांचा. शेजारचे भित्रेकाका त्या दिवशी तांदळाचं गाठोडं घेऊन आले आणि उंबऱ्यावरच बसून राहिले. म्हणाले, "बाय, मला पोरं वाढवता येत नाहीत. फार भीती वाटते. पण उद्यापासून मी इथेच जेवीन." आणि खरंच जेवले, पुढची सोळा वर्षं.

त्यांना पालीची भीती, नागझरीच्या पुराची भीती, सरकारी हत्तीची तर एवढी की घंटा ऐकू आली की गल्ली बदलायचे. मी एकदा चिडून म्हटलं, "काका, तुमचा देवावर विश्वास आहे ना? मग इतकं भ्यायचं कशाला?" ते म्हणाले, "भीती वाटते म्हणून तर त्याला हाक मारतो, बाय. न भिणाऱ्याला त्याच्याशी बोलायला विषय तरी काय?"

तोफेपाशी त्यांची एक रीत होती. बार झाला की नळीत निखारे राहतात, आणि नवी दारू त्यांवर पडली की ठासणाऱ्याच्या हातातच बार उडतो. काठीला बांधलेलं ओलं कातडं आत दोनदा फिरवायचं, बत्तीच्या भोकावर चामडं बांधलेला अंगठा दाबून धरायचा आणि 'हे आमच्या स्वर्गातल्या बापा' ही प्रार्थना पहिल्या शब्दापासून 'आमेन'पर्यंत म्हणायची. मगच नवी दारू ठासायची. तेवढ्या वेळात शेजारची तोफ दोन बार काढी. तोफखान्याचे दारोगा म्हणायचे, "चालू द्या तुमचं, सावकाश चालू द्या. शत्रूला आम्ही बसायला पाट दिलाय." काका मान खाली घालून प्रार्थना पुरी करायचे. पुढे पुढे त्यांच्या हाताखालचा मुसलमान गोलंदाजही ती प्रार्थना घडाघडा म्हणू लागला होता.

पास्कू वीस वर्षांचा झाला आणि काकांच्याच हाताखाली तोफ शिकला. त्याच वर्षी गोव्याहून नवा पाद्री आला. उंच, देखणा, आवाज असा की छपराचं गवत हलावं. एका रविवारी तो म्हणाला, "जिथे भीती आहे तिथे विश्वास नाही. या देवळात एक म्हातारा आहे, जन्मभर प्रार्थना करतो आणि जन्मभर कापतो. अशी प्रार्थना देवाच्या कानापर्यंत जात नाही." सगळं देऊळ मागे वळलं. काका जमिनीकडे बघत होते. पास्कूचे कान लालबुंद झाले होते. घरी आल्यावर तो जेवला नाही. "मी दाखवीन त्या पाद्रीला," एवढंच म्हणाला.

चारच दिवसांनी दसरा होता. सलामीला पास्कूला पहिल्यांदा स्वतःची तोफ मिळाली. पहिला बार नीट झाला. मग माझ्या भावानं छातीवर क्रूस केला, गळ्यातल्या माळेचं चुंबन घेतलं आणि ओलं कातडं बाजूला ठेवून सरळ दारू ठासली. आपला विश्वास दाखवायला! काका दोन तोफा पलीकडून ओरडत धावले. पोचेपर्यंत बार उडाला होता. पास्कू दुसऱ्या दिवशी दुपारी गेला.

पुरताना पाद्री काय म्हणाला ठाऊक आहे? "या मुलाचा विश्वास मोठा होता. असे निर्भय देवाला आवडतात." माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात काका पुढे झाले. खड्ड्याच्या कडेला उभे राहून म्हणाले, "पाद्रीबाबा, हे खोटं आहे. पोर भ्यालं असतं तर जगलं असतं. देवानं भीती दिली ती त्याला जपायला. ती तुम्ही काढून घेतलीत. हे मी रविवारीच बोलायला हवं होतं. दारूला भ्यालो ते बरोबर होतं. तुम्हाला भ्यालो, ते पाप झालं."

वस्तीतले लोक आजही वाहवा करतात. मी नाही केली. फार उशीर झाला होता, काका! साऱ्या जगाला घाबरलात ते मी हसून सोसलं, पण त्या एका रविवारी नको होतं घाबरायला. मी हे त्यांना तोंडावर सुनावलं आणि बोलणं टाकलं. ते रोज जेवायला यायचे. मी पान वाढायची आणि आत निघून जायची. दोन वर्षं असंच चाललं. ते एकदाही 'पुरे कर हा राग' म्हणाले नाहीत.

मग त्यांनी अंथरूण धरलं. पाद्री येऊन मरणाऱ्याला लावतात ते शेवटचं तेल लावून गेला, तेव्हा काकांनी डोळेसुद्धा उघडले नाहीत. भर दुपारी मी पेज घेऊन गेले, तर म्हणाले, "बाय, राग आहे अजून?"

"आहे," मी म्हटलं.

"असू दे. पण मला फार भीती वाटते गं. प्रार्थना मध्येच अडते. तू म्हण."

मी त्यांचा तो थरथरणारा हात धरला. राग तेव्हाही होता, आजही आहे, पाद्रीवर आहे आणि त्यांच्यावरही आहे. पण प्रार्थना मी पहिल्या शब्दापासून सुरू केली आणि 'आमेन' म्हणेपर्यंत त्यांचा हात सोडला नाही.